तिसावं झाड

“बाग कुठाय?” मी विचारलं.

“तू बागेतच उभी आहेस,” हे म्हणाले.

मी खाली पाहिलं. पायाखाली वाळू होती. वर पाहिलं, वर आभाळ होतं. या दोहोंच्या मध्ये, जिथं बाग असायला हवी तिथं, काटे होते. उभे काटे, आडवे काटे, वाकडे काटे, आणि ज्यांना काटे नव्हते ती नुसतीच खराट्यासारखी जमिनीतून वर आलेली झुडपं.

यांच्या पत्रात शब्द असे होते: “क्वार्टर प्रशस्त असून सभोवती बाग आहे. बागेत बत्तीस झाडे आहेत.” ते पत्र मी वाईला अख्ख्या आळीला वाचून दाखवलं होतं. आईनं फुलं तोडायला पितळेची नवी परडी दिली होती. ती परडी मांडीवर आणि तुपाच्या डब्यात लावलेली तुळस पायांत घेऊन मी अडीच दिवस रेल्वेनं आले होते. बाडमेरच्याही पुढे, दिवसाला एक गाडी येणारं ते स्टेशन.

“बत्तीस झाडं म्हणाला होतात.”

“मोजून घे,” हे म्हणाले, आणि त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. जमिनीखाली पाणी कुठं लागेल ते शोधायची यांची सरकारी नोकरी. ज्याचा जन्म दगडांवर प्रेम करण्यात गेला, त्याला काट्यांचं काय वाटणार?

यांनी मला बाग दाखवायला सुरुवात केली. क्षेत्राच्या ठिकाणी पुजारी एकेका देवळापुढे उभं करून माहात्म्य सांगतो ना, तसं. ही खेजडी. हा केर, याच्या फळांचं लोणचं घालतात. हा फोग. ही बोर. हा रोहिडा, याला फाल्गुनात भगवी फुलं येतात. मी मान वर करून पाहिलं. फुलं येणार ती शेंड्याला, आणि शेंडा माझ्या हातापासून दोन पुरुष उंच. रुई तेवढी ओळखीची निघाली. पण रुई मारुतीची, म्हणजे शनिवारची. उरलेले सहा वार माझे देव उघडेच बसणार.

एकोणतीस झाडं सांगून झाली. माझी तुळस मान टाकायला लागली होती म्हणून म्हणा, डोळे भरून आले म्हणून म्हणा, मी आत निघून गेले. उरलेली तीन झाडं यांनी वाऱ्याला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन बाहेर आले. झाडं काट्यांची असली तरी तहान ती तहान, आणि तहानलेल्याला पाणी पाजावं हे मी दर एकादशीला कीर्तनात ऐकत वाढलेली. चार झाडांना पाणी घालते न घालते तोच मागून एका हातानं बादलीची कडी धरली.

ही धापूबाई. साठीची, काटक, घोट्यापर्यंत घागरा, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. सहा बहिणींच्या पाठीवर जन्मली, तेव्हा आईबापांनी ‘आता पुरे’ अशा अर्थाचं नाव ठेवून देवाला निरोप दिला होता. आमचं क्वार्टर बांधलं ती जागा पूर्वी तिच्या सासऱ्याची. त्यामुळे सरकारं बदलली, साहेब बदलले, पण बाग धापूबाईचीच. साहेबांच्या बायका तिच्या लेखी पाहुण्या. मला ती बींदणी म्हणायची, म्हणजे सूनबाई. तिचं मारवाडी बोलणं मी इथं माझ्या भाषेत लिहिते आहे. तेव्हा मला ते निम्मंच कळायचं, पण सूर पुरा कळायचा.

ती म्हणाली की ही झाडं माणसाच्या हातचं पाणी पीत नाहीत. पाजलंस तर आजारी पडतील. मग तिनं माझी तुळस उचलली आणि खेजडीच्या विरळ सावलीत नेऊन ठेवली. ती तिथं जगली, हे मला तेव्हा जरा लागलंच. तुळससुद्धा तिकडची झाली म्हणून.

मला तिथं काय कमी होतं असं कुणी विचारलं तर सांगता आलं नसतं. खायला-प्यायला होतं, नवरा देवमाणूस होता. पण तो देव आठवड्यातले पाच दिवस जीपमधून विहिरी शोधत फिरायचा, आणि मला संध्याकाळ खायला उठायची. वाईला संध्याकाळ म्हणजे घाटावरचं देऊळ आणि श्रीधरबुवा साखरपेकरांचं कीर्तन. माझे वडील तीस वर्षं बुवांच्या पेटीवर होते. कीर्तन सुरू व्हायच्या आधी वडील धुपाटण्यात निखारे घेऊन त्यावर गुग्गुळ टाकत, आणि त्या धुरातून बुवांचं पहिलं नमन ऐकू येई. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या डब्यातला उरलेला गुग्गुळ मी पुडीत बांधून आणला होता आणि गुरुवारी चिमूटभर, फक्त चिमूटभर, जाळत होते. पुडी संपत आली होती. तिथल्या काट्यांनी, उन्हानं, परक्या बोलीनं झालं नाही ते त्या पुडीनं केलं. एका गुरुवारी मी यांना म्हटलं, “मला इथं नाही राहवत.”

 हे म्हणाले, “चैत्रापर्यंत बघ. नाहीच जमलं तर वाईला जा. माझी तीन वर्षं इथं आहेत, ती मला काढावी लागतील.”

म्हणजे तीन वर्षं आमचा संसार पोस्टकार्डांवर. ते दोघांनाही कळलं.

तेवढ्यात बुवांचं पत्र आलं. ते द्वारकेला निघाले होते. परतताना वाट वाकडी करून एक दिवस आमच्याकडे उतरणार होते, कारण पेटीवाल्याच्या लेकीचा संसार त्यांना बघायचा होता. मी उलट टपाली कळवलं, या, एक कीर्तन करा, आणि जाताना मला बरोबर न्या. हे पत्र मी यांना दाखवलं. यांनी वाचलं, नीट घडी केली आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. मी ट्रंक भरायला घेतली.

बुवा येणार म्हणून मी घर लख्ख केलं, मग अंगणाकडे वळले. कोपऱ्यात कमरेइतकं एक झुडूप होतं. दोन महिन्यांत त्याला एक पान आलं नव्हतं. साल जुन्या भिंतीच्या रंगासारखी पापुद्र्यांनी सुटलेली, प्रत्येक फांदीच्या टोकाला काटा. बाकीची झाडं निदान कुरूप असूनही जिवंत दिसत, हे सरळ सरळ मेलेलं होतं. धापूबाई आठ दिवसांसाठी लेकीच्या गावी गेलेली. मी पदर खोचला आणि भिंतीवरचा कोयता काढला.

अर्धा दिवस गेला. हातांवर ओरखडे उठले, बांगड्यांना डिंकासारखं काहीतरी चिकट लागलं, ते निघता निघेना. शेवटी रॉकेल लावून पुसलं. वासाबिसाचं म्हणाल तर त्या वाळूनं मला आल्यापासून सर्दी धरली होती. नाक फक्त चेहऱ्याला शोभा म्हणून होतं. गुडघ्याएवढं, चारपाच फाट्यांचं खोड काही माझ्यानं तुटलं नाही, ते तसंच सोडलं. काटक्यांचा भारा न्हाणीघरामागं बंबाशेजारी रचला. तो तांब्याचा बंब मी वाईहून आणला होता, आणि अंघोळीचं पाणी त्यातच तापायचं. तिथल्या उन्हात आठ दिवसांत काटक्या खडखडीत वाळल्या.

बुवा सकाळच्या गाडीनं आले. उंच, किडकिडीत, उपरण्यात गुंडाळलेली चिपळ्यांची जोडी काखेत. मी पायांवर डोकं ठेवलं. ते म्हणाले, “वासंती, आधी ऊन पाणी. अंगावर सगळा काठेवाड आहे.”

मी बंब पेटवला. नळीत काटक्या उभ्या सोडल्या. बुवा न्हाणीत शिरले आणि खड्या आवाजात स्तोत्र सुरू केलं. मी बाहेर ऐकत बसले. किती दिवसांनी तो आवाज ऐकत होते. तो आवाज मधेच थांबला. बुवा स्तोत्र मधे सोडत नसत. अंगावर पाल पडली तरी.

“वासंती,” आतून हाक आली.

“काय, बुवा?”

“बंबात काय घातलंस?”

“काटक्या.”

“कसल्या?”

“कोपऱ्यात एक मेलेलं झुडूप होतं, त्याच्या.”

आत तांब्याचा एक आवाज झाला. मग बुवा शांतपणे म्हणाले, “संस्थानिकांच्या वाड्यात उतरलोय मी, मठांत उतरलोय. पण गुग्गुळाच्या बंबावर मला आजवर कुणी आंघोळ घातली नव्हती.”

मला ती थट्टा वाटली. मी हसलेसुद्धा. पण आमचे हे घरातून बाहेर आले, अर्ध्या गालाला साबण, हातात वस्तरा. त्यांनी आधी बंबाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या खोडाकडे. मग अगदी हळू म्हणाले,

“तिसावं झाड.”

आणि मग, नाक चोंदलेलं असतानाही, तो वास माझ्यापर्यंत पोचला. घाटावरचं देऊळ, निखाऱ्यांवर वाकलेले वडील, पेटीचा पहिला सूर. दोन महिने मी चिमूट चिमूट मोजून जाळत होते, आणि आज एका म्हाताऱ्याच्या दोन बादल्या पाण्यासाठी अख्खा ढीग लावला होता. मी गुग्गुळाचे खडे जन्मभर पाहिले होते. गुग्गुळाला झाड असतं, आणि ते असं दिसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं. मी आत निघून गेले होते.

फाटक वाजलं. डोक्यावर बोचकं घेतलेली धापूबाई. स्टेशनापासून तिला वास आला होता, आणि तिला वाटलं आज देवीच्या देवळात अवेळी धूप कसा? कारण गावातल्या त्या देवळाला नवरात्राचा धूप दर वर्षी याच झुडपाचा जात असे. हे मला पुढं कळलं. त्या क्षणी तिनं फक्त बोचकं खाली टाकलं, तरातरा बंबाशी आली, नळीतून वर आलेली एक लांब काटकी हातानंच उपसली आणि बादलीत बुडवली. शेंड्याकडचं वीतभर टोक जळून कोळसा झालं होतं. मग भाऱ्यातल्या आणखी तीन जाडशा काटक्या तिनं निवडल्या आणि चारही पोटाशी धरून खोडापुढे बसली.

“ते मेलं होतं,” मी म्हटलं. “एक पान नव्हतं त्याला.”

“दुपारच्या उन्हात तू दार लावून झोपतेस,” धापूबाई म्हणाली. “तुला कुणी मेली म्हणतं का?”

इतक्यात न्हाणीतून ओल्या पंचानिशी बुवा बाहेर आले. धापूबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, हे कुणी साधुपुरुष आहेत असं ठरवलं आणि थेट त्यांच्यापुढे फिर्याद मांडली. झाड तिच्या सासूनं लावलेलं. सासूनं मरताना बाकी काही सांगितलं नव्हतं, फक्त एवढंच की देवीचा धूप चुकवू नकोस. हे एका गालावर साबण वाळत असताना वाक्यागणिक मराठी करून सांगत होते. बुवांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “न्याय संध्याकाळी. कीर्तनात.”

आमची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती.

उन्हं कलल्यावर खेजडीखाली सतरंज्या पडल्या. पंचवीस-तीस माणसं जमली. मराठीचं अक्षर कुणाला कळत नव्हतं. स्टेशनाकडचा एक ढोलकवाला आपणहून आला होता. पेटीची जागा रिकामी होती, तिकडे मी पाहिलं नाही. झांज यांच्याकडे. यांची झांज म्हणजे सम येऊन गेली की तिला पोचवायला जाणारी. बुवांनी तिकडे एकदा दयेनं पाहिलं आणि नमन सुरू केलं.

पूर्वरंग बुवांनी मोडक्यातोडक्या हिंदीत लावला. म्हणाले, एक बाई होती, मोठी भाविक. देव कधी भेटेल म्हणून रोज रडे. देवाला दया आली, तो झाडाचं रूप घेऊन तिच्या अंगणात येऊन उभा राहिला. पण बाई चौकस. म्हणाली, दोन महिने झाले, पान नाही, फूल नाही, हा कसला देव? आणि मग बुवांनी कमरेला उपरणं खोचून कोयता चालवला. माझ्यासारखा. बांगड्या रॉकेलनं पुसल्या. मधे दोनदा शिंकले. देवाच्या काटक्या केल्या, बंबात घातल्या, आणि बाईनं देवासाठीच आंघोळीचं पाणी तापवलं. लोक हसून हसून एकमेकांवर रेलत होते. मी पदरात तोंड लपवलं होतं आणि मीही हसत होते, आणि डोळ्यांतून काय वाहत होतं ते माझं मला कळत नव्हतं. धापूबाई तेवढी बसून होती, दगडासारखी. मग तिच्या ओढणीची कड हलायला लागली, आणि ओढणीआडून एक बारीक चिरका आवाज आला. ती हसत होती.

पूर्वरंग संपला. आता बुवांना बुक्का लावून हार घालायचा. तिथं मला आठवलं. कीर्तन मागवलं, सतरंज्या घातल्या, आणि हार विसरले होते. पितळेची परडी हातात घेऊन मी उठले तर खरी, पण परडीत होती नुसती चकाकी. बुवा मान किंचित झुकवून उभे. बुवांच्या गळ्यात हार नाही असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं, आणि ते पेटीवाल्याच्या लेकीच्या घरी होणार होतं.

धापूबाई उठली. ओढणीखालून तिनं हार काढला. रोहिड्याच्या फुलांचा, भगवा, जाडजूड, सुतळीत ओवलेला. दुपारभर काठीनं शेंडे झोडपून तिनं तो केला होता, न्याय व्हायच्या आधीच. तिनं तो माझ्या परडीत ठेवला आणि मला कोपरानं पुढे ढकललं.

हार घालून घेतल्यावर बुवांनी न्याय सांगितला.

“तोडलं हिनं. लावायचंही हिनं. या चार काड्या हिनं आपल्या हातानं रोवायच्या, आणि त्यांना पालवी फुटेपर्यंत हे गाव सोडायचं नाही.”

यांनी ते लोकांना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या संध्याकाळी यांचं काही तालात झालं असेल तर ते तेवढंच. सगळ्यांनी माना डोलावल्या. उत्तररंगात काय आख्यान झालं ते मी ऐकलं नाही. पहिल्यांदाच.

आरती झाल्यावर मी बुवांना गाठलं. “बुवा, माझी ट्रंक भरलेली आहे.”

“असू दे की,” बुवा म्हणाले. “ट्रंक वाळत नाही. थांबेल.”

दिवेलागणीला मी खोडाशेजारी चार काड्या रोवल्या. तीन साध्या, एक काळ्या टोकाची. धापूबाईनं सांगितलं, तीन दिवसांनी एकदा, पळीभर पाणी. वर एक थेंब नाही. सकाळी बुवा एकटेच गाडीत बसले, आणि खिडकीतून यांना म्हणाले, “झांज जरा घरी घासत जा.”

मी मनाशी पंधरा दिवस धरले होते. फार तर महिना. पाचव्या आठवड्यात दोन काड्यांना हिरवे ठिपके दिसले, मग तिसरीला. तोवर वैशाख लागला होता, उन्हाचा प्रवास नको झाला. पुढं पावसाळा झाला, मग नवरात्र. देवीला धूप कमी पडू नये म्हणून वाईहून गुग्गुळ मागवायला मी बसले तर धापूबाईनं माझी दौत उचलून ठेवली आणि डोंगरातून आणलेली गुग्गुळाची पुरचुंडी पुढ्यात टाकली. असं करत तीन वर्षं झाली. यांनी मुदत वाढवून घेतली, मीच घ्यायला लावली. एकूण अकरा वर्षं राहिलो. निघालो तेव्हा कोपऱ्यातलं झुडूप माझ्या खांद्याला लागत होतं, आणि त्याला पान नव्हतं. मी त्याला नमस्कार केला.

आता वाईला कुणी घरी आलं की हे ही गोष्ट सांगतात. बंब सांगतात, अर्ध्या गालाचा साबण सांगतात, बुवांच्या शिंका काढून दाखवतात. शेवटी म्हणतात, “आठ दिवस कडक उन्हात वाळलेल्या काटक्या. त्यांना पालवी. वाणी सिद्ध होती बुवांची.” आणि मिशीत जरासे हसतात. हे मला दिसत नाही असं त्यांना वाटतं.

काड्या रोवल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी पळी घेऊन गेले होते. वाकले, आणि थांबले. काळं टोक कुठं नव्हतं. चारी काड्यांची टोकं पांढरी होती, ताजी, तिरकी कापलेली, आणि त्यांतून पाणीदार डिंक सुटत होता. शेजारचं खोड परवापेक्षा वीतभर बुटकं दिसत होतं. घरातून यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं, दाढी करत, बेताल.

एका शब्दात न्याय मोडला असता. गाडी यायला अजून तास होता.

मी चौघींना सारखं पाणी घातलं. आत येऊन ट्रंकेतली पातळं काढून कपाटात लावली. मग मागच्या भिंतीशी गेले. कोयता खुंटीवर उलटा टांगलेला होता, आणि पात्यावर डिंक वाळत होता. मी तो रॉकेलनं पुसून, धार बघून, जागच्या जागी ठेवला. आठ-दहा दिवसांनी काड्या वाळल्या, तर यांना पुन्हा लागला असता.